माझ्या भावाला येणारे फोन

माझ्या थोरल्या भावाबद्दल लोक जे जे चांगलं बोलतात ते सगळं खरं आहे, आणि तेच माझं दुखणं आहे. खोटं असतं तर चारचौघांत उघडं पाडून मोकळा झालो असतो.

तो घड्याळं दुरुस्त करतो, मी चष्मे करतो. वडिलांच्या एकाच दुकानाचे मधोमध काच घालून आम्ही दोन भाग केले, त्याला बावीस वर्षं झाली. काच माझ्या सांगण्यावरून घातली. भिंत घाला म्हणालो असतो तर बरं झालं असतं, कारण काचेतून सगळं दिसतं. त्याच्याकडे किती माणसं आली, किती वेळ बसली, कशाला हसली, काही सुटत नाही. माझ्याकडे माणसं येतात, तक्त्यावरची अक्षरं वाचतात, चष्मा डोळ्याला लावून आरशात बघतात आणि जातात.

दादा उंच, सडपातळ, बोलायला सावकाश. उजव्या डोळ्याला सतत भिंग लावून त्याची ती भुवई कायमची वर गेली आहे, त्यामुळे तो साधं ‘बरं’ म्हणाला तरी समोरच्याला वाटतं, आपलं म्हणणं याला फार महत्त्वाचं वाटलं. बोटांना घड्याळं धुवायच्या बेन्झिनचा वास. वहिनी जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हापासून तो दुकानाच्या मागच्या खोलीत एकटा राहतो आणि रात्रीचं जेवायला आमच्याकडे येतो. आई माझ्याकडे असते. ताटाला ताट लागलं की आई त्याला विचारते, ‘आज काय झालं रे दुकानात?’ मला विचारत नाही. मी तिच्याच घरात, म्हणजे माझ्याच घरात, रोजचाच असतो ना.

एक गोष्ट मात्र माझी होती. आईचं क्रेडिट कार्ड. शर्टाच्या कारखान्यात ती कटिंगवर होती, निवृत्तीनंतर तिला ते बँकेने दिलं. तिचा त्या प्लास्टिकवर कधीच विश्वास बसला नाही. दुसऱ्याच दिवशी तिने ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, ‘हे तू सांभाळ. थोरला भोळा आहे, कुणालाही काढून देईल.’ फोन नंबरही माझाच लावला. तिची औषधं, डॉक्टर, विजेचं बिल, सगळं त्या कार्डावरून मीच करतो. उभ्या जन्मात आईने दादाला डावलून मला दिलेली ती एवढी एकच वस्तू. पाकिटात ती माझ्या मुलांच्या फोटोच्या पुढे असते. हसायचं तर हसा.

आता फोनांकडे येतो. दादाच्या पाटीवर त्याचा नंबर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे, आणि घड्याळ झालं का विचारायला गिऱ्हाइकं फोन करतात म्हणून प्रत्येक फोन उचलावाच लागतो. त्यामुळे साऱ्या भुरट्यांचे फोन त्याला. ‘आपल्या कार्डावरचं व्याज कमी करण्यासाठी एक दाबा.’ ‘आपलं कार्ड आज बंद होणार आहे, अधिकाऱ्याशी बोलण्यासाठी एक दाबा.’ दिवसाला दहा-बारा. दुसरा असता तर वैतागला असता. दादा सुरुवातीला त्या रेकॉर्डला ‘नको, धन्यवाद’ म्हणायचा. मी काचेआडून मनातल्या मनात हसायचो.

मग त्याच्या एक लक्षात आलं. माणूस असला की आपण हॅलो म्हटल्यावर लगेच काहीतरी ऐकू येतं, श्वास तरी. यंत्र असलं की दीड ते दोन सेकंद शुद्ध शांतता. घड्याळाच्या ठोक्यात पाव सेकंदाची चूक ऐकणारा कान तो, त्याला हे न कळतं तरच नवल. झालं, हॅलो म्हणायचा, गप्प राहायचा आणि समोरच्या बाकावर बसलेल्याला बोट वर करून दाखवायचा: यंत्र! दोन सेकंदांत रेकॉर्ड सुरू. बाकावरचा थक्क.

पुढे त्याने खेळच मांडला. फोन स्पीकरवर, हात कामात. एक दाबायचा, म्हणजे खरा माणूस येतो. माणूस आला की दादा लोण्यासारखा मऊ.

‘सर, कार्डाचा नंबर सांगा.’

‘सांगतो की. थांबा हं, बारीक आहे, भिंग लावतो.’

आणि समोर उघड्या पडलेल्या घड्याळाच्या पाठीवर कोरलेला नंबर वाचून दाखवायचा. तो पलीकडचा टाइप करणार, चूक दाखवणार, पुन्हा विचारणार. दादा दुसरं घड्याळ उचलणार. ‘अरेच्चा, मघाशी उलटं धरलं होतं.’ असं करत एकाला त्याने सत्तेचाळीस मिनिटं लटकवलं. तेवढ्या वेळात दोन घड्याळांना सेल घातले, एकाची काच बदलली. शेवटी तो भामटा रडकुंडीला येऊन म्हणाला, ‘काका, तुम्ही मुद्दाम करताय का?’ दादा म्हणाला, ‘अहो, तुम्ही माझ्याशी बोलताय तेवढा वेळ दुसऱ्या कुणाचे तरी पैसे वाचले ना.’ बाकावर टाळ्या. बेकरीवाली बाई गल्ला उघडा टाकून आली होती. रिटायर झालेले मास्तर, समोरचा न्हावी, न्हाव्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. आणि माझी बायको. ती मला डबा द्यायला आली होती. डबा तिच्या हातात, ती त्याच्या दारात.

रात्री आईला तिने सगळं नकलेसकट सांगितलं. आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी म्हणालो, ‘वेळ जातो त्यात, धंद्याचा.’ कुणी ऐकलंसुद्धा नाही.

त्यानंतर चार महिने मी वाट बघत होतो. मलाही एक फोन यावा. एकच, पण बाक भरलेला असताना. मी मनात संवाद तयार ठेवले होते. दादा नंबर वाचतो ना घड्याळाचे? मी चष्म्याचे नंबर सांगणार होतो: उणे सव्वादोन, अक्ष नव्वद. हे दादाच्या घड्याळांपेक्षा सरस आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. पण माझ्या पाटीवर नंबर नाही. चष्मेवाल्याला फोन करून कोण विचारतो?

एका दुपारी आला. मी दादाच्या बाजूला किल्ली मागायला गेलो होतो, बाकावर मास्तर, बेकरीवाली आणि न्हावी. माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी हॅलो म्हटलं. शांतता. एक सेकंद, दोन सेकंद. मी बोट वर केलं, अगदी दादासारखं. मास्तर सरसावून बसले. मी स्पीकर लावायला बटण शोधतोय तोवर रेकॉर्ड सुरू झालं, म्हणून फोन कानालाच धरला आणि बाकासाठी मोठ्याने बोलू लागलो. ‘आपल्या कार्डावरून अमुक दुकानात मोठी खरेदी झाली आहे म्हणे! ऐका, ऐका! केली असेल तर एक दाबा, नसेल तर दोन दाबा म्हणे!’

बेकरीवाली म्हणाली, ‘दाबा ना मग.’

दादा नेहमी काय दाबतो? एक. एक दाबला की माणूस येतो, आणि माणूस आला की खेळ. मी ऐटीत एक दाबला, फोन वर धरला आणि बाकाकडे बघून डोळा मारला.

फोनमधली बाई म्हणाली, ‘धन्यवाद,’ आणि फोन बंद झाला.

कुणीच आलं नाही. माझे सव्वादोन आणि नव्वद जागच्या जागी राहिले. न्हावी म्हणाला, ‘तुमचा फुसका निघाला.’ सगळे हसले, आणि ते हसू दादाच्या वाट्याला येतं तसलं नव्हतं.

दादाने मात्र भिंग काढलं. ‘काय म्हणालं रेकॉर्ड? शब्द न शब्द सांग.’

‘खरेदी झाली म्हणालं. शेवटचे चार आकडे अमुक अमुक असलेल्या कार्डावरून.’

‘आकडे तुला विचारले, की त्याने सांगितले?’

‘त्याने सांगितले.’

‘कुठल्या कार्डाचे?’

मला तेव्हा कळलं. ते आकडे मी रोज बघतो, मुलांच्या फोटोच्या पुढे.

दादाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ‘कार्ड काढ. उलटं कर. मागे छापलेला नंबर लाव, आलेला नंबर नको.’

मी म्हणालो, ‘पण तू तर नेहमी एक दाबतोस.’

‘दाबतो. आणि खेळ संपला की प्रत्येक वेळी माझ्या कार्डामागच्या नंबरावर बँकेला विचारतो, कार्डावर काही झालंय का. चोरांनाही कधी कधी आकडे ठाऊक असतात, आणि कधी कधी फोन बँकेचाच असतो. हे रेकॉर्ड ऐकून कळत नाही.’

ते मला कसं ठाऊक असणार? टाळ्या पडल्या की बाक रिकामा होई, आणि मीही चरफडत माझ्या बाजूला जाई. नंतर दादा एकटाच कानाला फोन लावून पंधरा मिनिटं ताटकळत बसायचा, ते काचेतून दिसायचं मला. मला वाटायचं, आपलं कौतुक सांगायला कुणाला तरी फोन लावलाय.

बँकेचा माणूस मिळायला सव्वा तास गेला. त्या वेळात कुणीतरी आईच्या कार्डावर अजून तीन खरेद्या केल्या, कारण बँकेने धरून ठेवलेलं कार्ड मी स्वतः एक दाबून सोडवलं होतं. नंबर कुठून फुटला ते शेवटपर्यंत कळलं नाही. दादा सगळा वेळ माझ्याजवळ उभा होता. तक्रारीचा क्रमांक त्याने लिहून घेतला. बँक म्हणाली, नंतरच्या तीन खरेद्यांची चौकशी करू, पैसे बहुतेक परत येतील. पहिली मात्र तुम्ही स्वतः मान्य केली आहे. पहिलीच मोठी होती. कुणाच्या तरी भिंतीवर आईच्या पैशांचा टीव्ही लागला.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला पैशांचं दुःख नव्हतं, पैसे मी भरले असते. मला एकच दिसत होतं: आई कार्ड मागून घेईल, आणि टेबलाच्या पलीकडे दादाच्या हातात देईल. मग माझ्याकडे काय उरलं? मी वाटेत तीन वेगवेगळी खोटी कारणं जुळवली. एकही धड बसेना.

ताटं मांडली होती. आईने माझा चेहरा बघितला. ‘काय झालं?’

मी तोंड उघडलं, आणि दादा म्हणाला, ‘आई, माझ्यामुळे तुझे पैसे गेले.’

मी खुर्ची ओढून बसलो.

‘याला बँकेचा फोन आला होता. हा विचारत होता, काय करू. मी न ऐकताच म्हटलं, एक दाब. माझीच घाई. यानेच मग बँकेला फोन करून कार्ड बंद करवलं, नाहीतर आणखी गेले असते.’

आईने हातातला डाव पातेल्यात ठेवला. मग जी सुरू झाली! एवढा मोठा घोडा झालास, अक्कल कुठे गहाण टाकलीस. दिवसभर भामट्यांशी टवाळक्या करायच्या, चार टाळकी जमवायची, दुसऱ्याच्या पैशांवर शहाणपणा शिकवायचा. फुशारकी अंगाशी आली ना? बापाचं दुकान म्हणजे तमाशाचा फड वाटला का? दादा मान खाली घालून ऐकत होता. माझ्या आठवणीत आई त्याला असं कधीच बोलली नव्हती. बायको मधेच म्हणाली, ‘जाऊ दे ना, आई,’ तर तिलाही एक मिळाली.

आणि मी? एका शब्दाने सगळं थांबलं असतं. मी पाणी प्यालो, भाजी वाढून घेतली. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. आई म्हणाली, ‘या धाकट्याकडून शिक जरा,’ तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिला खरं काय घडलं ते ठाऊकच नाही, हे मला तेव्हा आठवतही नव्हतं.

जेवण झाल्यावर मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो. तो चपला घालत होता.

‘दादा, कशाला केलंस हे?’

तो वाकलेला होता, वर बघितलं नाही. ‘तिने कार्ड काढून घेतलं असतं रे. तुझ्याकडे तेवढं एकच आहे.’

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो. जिना उतरून तो गेलाही, आणि मी कठड्याला धरून उभा राहिलो. म्हणजे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्याला पाण्यात पाहत होतो, ते सगळं त्याला माहीत होतं, आणि तरी तो रोज येऊन माझ्या शेजारी जेवत होता. त्याच्यावर मी आजवर जेवढा जळलो त्या सगळ्यापेक्षा जास्त त्या क्षणी जळलो.

नवीन कार्ड आठवड्याने आलं. आईने पाकीट न फोडता माझ्या हातात दिलं. ‘तूच ठेव,’ ती म्हणाली. ‘आणि हे बघ, कितीही गोड बोलला तरी थोरल्याच्या हातात देऊ नकोस.’

मी म्हणालो, ‘नाही देत.’