उजेडाची फट

दुपारी निमिषला मांडीवर थोपटता थोपटता हेमांगीचे डोळे जड होतात. ती दचकते, त्याच्या नाकाखाली बोट धरते. श्वास आहे. पुन्हा पापण्या मिटतात, पुन्हा बोट. सात महिने हे असंच चाललंय. हॉस्पिटलच्या खुर्चीत तिचा दहा मिनिटं डोळा लागला आणि तेवढ्यात नवरा, श्रीरंग, गेला; तेव्हापासून झोपेशी तिचं वाकडंच आहे. पण आज पंखा एका सुरात फिरतोय, पोर गाढ झोपलंय, आणि बोट नाकापर्यंत पोचायच्या आधीच खाली येतं.

ती मागच्या पडवीत उभी आहे. श्रीरंग इथेच गिटारी बनवायचा. फक्त त्याच्या टेबलाच्या जागी तिच्या स्वयंपाकघरातला ओटा आहे, आणि ओट्यावर हत्यारं मांडलीत. सागवानी लांब रंधा. मुठीत मावेल असा लोखंडी रंधा. ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिशपेपर. शेजारी देवदाराच्या दोन पातळ फळ्या, लेकाच्या गिटारीसाठी कापून तशाच राहिलेल्या.

"बघतेस काय नुसती? उजेडासमोर धर," कुणीतरी म्हणतं.

ती फळ्यांच्या कडा एकमेकींना भिडवून खिडकीपाशी धरते. त्यानेच शिकवलेलं: मधून उजेड दिसला तर जोड कच्चा. केसाएवढी फट आहे. फटीपलीकडे श्रीरंग उभा आहे, भुवयांवर भुसा घेऊन.

"दिसतोय उजेड?"

"तू दिसतोयस."

"म्हणजे कच्चाच. मागे चिकटवलास तो का सुटला?"

हेमांगी मान खाली घालते. "रंध्यांना गंज चढेल म्हणून तेल लावलं होतं. खोबरेल. ते कडांना लागलं, सरस धरलाच नाही."

"निमिषच्या मालिशचं?"

"तेच."

त्याचे खांदे हलायला लागतात. "रंध्याला न्हाऊमाखू घातलंस. तीटही लावायचीस की."

"हसू नकोस. तू ठेवलेल्या फळ्या मी नासवल्या."

"तेल वरवरच मुरतं गं. रंधा पुसून घे आणि कडेची एक पातळ साल काढ, आत लाकूड कोरडंच असतं. चल, हत्यार निवड."

ओटा आता हॉस्पिटलच्या कॉटएवढा लांब झालाय, वर पांढरी चादर. हेमांगी पॉलिशपेपर उचलते.

"तो नको. कडा गोल होतील, मधे फट राहील. माहितेय तुला."

"माहितेय."

"मग?"

"राहू दे ना फट."

ती पेपर ठेवून लोखंडी रंधा घेते.

"हा पण तुझ्याच पक्षातला," तो म्हणतो. "खड्डा आला की खड्ड्यात उतरतो. हेमांगीबाई, मला काय पहिल्यांदा भेटताय? चार दात आले ना निमिषला?"

"पाच. धरून उभा राहतो."

"तारांचा ताण बसला की फटीची गिटार उकलते. तसली देशील त्याच्या हातात?"

ती देणार नाही. ती त्याला खुळखुळासुद्धा तीनदा तपासून देते. सागवानी रंधा दोन्ही हातांनी उचलताना तिच्या तोंडून निघून जातं, "श्रीरंग, त्या दिवशी माझा डोळा लागला होता."

"मी बघत होतो की. किती दिवसांनी झोपली होतीस. उठवावंसं वाटलं नाही."

ती रंधा पुसते. पुसते. अजून थोडं पुसते. मग एका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलते. तेलकट साल खाली पडते; पुन्हा ढकलल्यावर कोरडी, कुरळी साल वर येते, तिच्या मनगटाला वेढा घालते. दुसरी फळी. कडा भिडतात. ती फळ्या खिडकीपाशी धरते.

उजेड नाही.

"जमलं?" लाकडाच्या पलीकडून आवाज येतो.

"जमलं."

"बघ," आवाज म्हणतो, आणि पुढचं ऐकू येत नाही. हात भरून आलेत, तरी ती फळ्या खाली घेत नाही.

ऊन सरकून मांडीवरच्या निमिषपाशी आलंय. हेमांगी दचकून बोट पुढे करते. श्वास आहे. दीड तास ती झोपली होती, आणि काहीही झालेलं नाही.

निमिष झोपेतच मूठ तोंडाकडे नेतो. तिला मुठीत काहीतरी दिसतं. ती घाईघाईने एकेक बोट सोडवते. रंधे माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात. ती दोरा चाचपते, किल्ली तिथेच आहे.

मुठीतून निघते देवदाराची कुरळी साल, पलीकडचं दिसेल इतकी पातळ. ती चिमटीत धरून दाबते, मग बोटं एकमेकांवर घासून पाहते.

कोरडी आहेत, तेल लागलेलं नाही.