राजीनामा दिलेला लॉर्ड

पुण्यात मी कॉलेजात इतिहास शिकवायचे. माझे तास निम्मे केले तेव्हा रागाच्या भरात प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. वाटलं, थांबवतील. त्यांनी मंजूर केला. मग कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत लेकीकडे आले. ती ऑफिसला गेली की मी या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. फोन उलटा ठेवायचे, पुन्हा सुलटा करून बघायचे.

जयनगरच्या मराठी मंडळींनी भाषणाला बोलावलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. एकोणिसाव्या शतकातला एक इंग्रज लॉर्ड. ड्यूकचा मुलगा, ऐन तारुण्यात पार्लमेंटात गेलेला, भर सभेत स्वतःच्याच पक्षातल्या म्हाताऱ्यांची खिल्ली उडवणारा. काही महिने हिंदुस्थानमंत्री आणि चाळिशीच्या आत अर्थमंत्री. लष्करावरचा खर्च कमी करा म्हणून अडून बसला, कुणी ऐकेना तेव्हा राजीनामा धाडला. आपल्यावाचून सरकारचं अडेल अशी त्याची समजूत होती. पंतप्रधानांनी दुसरा माणूस नेमला. मंत्रिपद पुन्हा मिळालं नाही. पुढे सभागृहात बोलताना त्याची जीभ अडखळू लागली, आजारानं पोखरला आणि पन्नाशीआधीच गेला.

भाषण संपल्यावर एक आजोबा उठले. सीमाभागातले, एके काळी तालुका पंचायतीचे अध्यक्ष, आता जयनगरात मुलाकडे राहणारे.

"अक्का, मला परत घ्या म्हणून त्यानं विचारलं नाही का?"

"माझ्या वाचनात तरी नाही."

"विचारायचं की. मीही तळ्याच्या जागेवरून भांडून खुर्ची सोडली होती. समजूत काढायला गाडी येईल म्हणून संध्याकाळी पायजमा घालायचो नाही, पँटीतच बसायचो. बायको ओरडेपर्यंत."

सगळे हसले. मला हसू येईना. परतताना बसमध्ये दोनदा जागा बदलली.

सकाळी प्राचार्यांना फोन केला.

"उशीर झाला, मॅडम," ते म्हणाले. "तुमच्या तासांना एक मुलगी घेतलीय. चांगली शिकवते."

"बरं," म्हटलं आणि फोन ठेवला. घरात बसवेना, म्हणून मंडळाकडून आजोबांचा पत्ता घेऊन दुपारी जयनगरला गेले.

"विचारलं," मी दारातच सांगितलं. "नाही म्हणाले."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "मी अजून विचारलेलं नाही."

त्यांच्या बायकोनं कॉफी आणली. "मग आत्ता करा की फोन."

त्यांनी फोन हातात घेतला, नंबर शोधला आणि फोन पुन्हा खिशात टाकला. "स्वल्प थांब, जरा वेळानं करतो," म्हणाले.

मी कॉफी अर्धी टाकून उठले. बसमधून उतरल्यावर सरळ घरी गेलेच नाही. जवळच्या शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि इतिहासाला बाई हव्यात का, असं ऑफिसात विचारलं. नको होत्या. बोम्मसंद्र्याला एक नवी शाळा निघतेय, तिकडे बघा म्हणाले.

तिकडे जाणारी बस कुठे थांबते, ते विचारूनच बाहेर पडले.