तपकिरी बूट

"पाया पडा त्यांच्या आणि मिटवून टाका," फौजदार मला म्हणाले.

नवऱ्याला खुर्ची मिळाली होती, चहाही. तो हिंजवडीतल्या आयटी कंपनीत मोठा साहेब. महिला दिनाचं भाषण तिथे तोच करतो. मी उभी. ओठ फाटलेला, हात बरगडीवर. वय सत्तेचाळीस.

आदल्या दुपारी त्याच्या ऑफिसचे लोक जेवायला आले होते. माझी पाळी जायच्या बेतात आहे. अंगातून एकदम वाफा निघतात. वाढता वाढता घामाने निथळले, पदराने तोंड पुसलं. गुन्हा एवढाच. पाहुण्यांना लिफ्टपर्यंत सोडून तो परत आला आणि बूट न काढताच लाथा घातल्या. तोंडावर. बरगडीत. पोटात. "शोभा केलीस माझी!" दर लाथेला एकदा.

चौकीत मात्र आवाज मऊ. "बाथरूममध्ये घसरली, सर. या वयात बायकांचं डोकं जरा फिरतंच."

फौजदारांनी जाणकारासारखी मान हलवली.

सासूबाई बाकावर होत्या. "वाक गं. तुमच्यात पद्धत नसेल, आमच्यात आहे."

आमच्यात खरंच नाही. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरातली बाई नवऱ्याच्या पायाशी वाकत नाही. लग्नानंतर मीही टाळत आले होते. त्या दिवशी वाकले. दमले होते. श्वास घेतला तरी कळ यायची.

आणि बूट दिसला. तपकिरी, अमेरिकेहून आणलेला. पुढच्या शिवणीत माझं रक्त वाळलेलं. घरात त्याचे बूट रोज मी पुसते. त्या सकाळी पुसले नव्हते. बूट पुसावे लागतात, हे त्या हुशार माणसाला ठाऊकच नव्हतं.

मी दोन्ही हातांनी बूट धरला. "हा जमा करून घ्या. यावर रक्त आहे माझं."

"सोड!"

सोडला नाही. त्याने दुसऱ्या पायाने तोंडावर लाथ हाणली. फौजदारांसमोर. दात फरशीवर पडला.

चौकीत बाथरूम नव्हतं.

कोपऱ्यातल्या महिला हवालदार, माझ्याच वयाच्या, उठल्या. "साहेब, हे मी पाहिलंय. गुन्हा दाखल करताय की माझी बदली करताय?"

फौजदारांनी गुन्हा लिहून बूट जमा केला. नवरा एका पायात नुसता मोजा घालून कोठडीत गेला.

आता सगळे येतात. दीर, वकील, सोसायटीचे चेअरमन. "मिटवा. या वयात एकट्या कुठे जाणार?"

"कोर्टात," मी सांगते.

बूट सीलबंद पिशवीत आहे. तो न्यायाधीशांच्या टेबलावर येईपर्यंत मी मरणार नाही. मिटवणार तर मुळीच नाही.