सुधाकरच्या गाडीतलं लाल तेल

गेल्या रविवारी दुपारी वणीत आमच्या घरामागच्या शेडमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि शेजारचे दोघं-तिघं बादल्या घेऊन धावत आले... आग नव्हती. सुधाकरची गाडी चालू झाली होती.

सुधाकर म्हणजे माझा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. हार्ट अटॅक... निरोपाचा शब्दसुद्धा बोलता आला नाही.

त्याची जुनी पेट्रोल गाडी तेव्हापासून शेडमध्येच उभी. आमच्या वणीत कोळशाच्या धुळीपुढे कुणाचं काही चालत नाही, पण त्या गाडीवर मी धूळ टिकू दिली नाही. सुट्टीच्या दिवशी बोनेट पुसायचं, काचा पुसायच्या, टायरवरून ओलं फडकं फिरवायचं.

चालू मात्र कुणी करायची नाही. गेलेल्या माणसाची वस्तू जपायची म्हणजे वापरायची नाही, असंच आपल्याकडे बहुतेक घरांत चालतं. बाहेरून गाडी आरशासारखी लखलखत राहिली आणि आत इंजिन गंजून जाम झालं... ते कळलं तेव्हा फार दिवस झाले होते.

माझे धाकटे दीर शेजारच्याच दोन खोल्यांत राहतात. त्यांची मुलगी मोठी झाली, तिला अभ्यासाला खोली हवी, आणि जागा म्हणाल तर शेडचीच. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

"वहिनी, चालू झाली त ठेवा, मी दुसरी सोय पाहीन," ते म्हणाले. "पण नाही झाली त भंगारवाल्याले बोलावतो. मंग मले बोल नका लावजा."

भंगार हा शब्द ऐकून मला रात्रभर झोप नाही. सुधाकरच्या गाडीवर कुणी घण घालणार... मी सकाळीच चंद्रपूर रोडवरच्या सलीमभाईंच्या गॅरेजला गेले. सुधाकर गाडी त्यांच्याशिवाय कुणाच्या हाती देत नसे.

सलीमभाईंनी येऊन पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "भाभी, पिस्टन चिकटून बसले. मी वादा नाही करत. लाल तेल टाकून पाहू, सुटलं त सुटलं."

लाल तेल म्हणजे ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत पडतं ते, ट्रान्समिशन फ्लुइड. त्यांनी प्लग काढले आणि त्या भोकांमधून ते आत सोडलं. ते पातळ असतं, फटीफटीत शिरतं, गंज आणि काजळी सोडवतं... एवढंच मला समजलं.

मग मला पाना देऊन इंजिनाच्या पुलीचा नट दाखवला; तो फिरला की आतले पिस्टन हलतात. "रोज थोडं इकडं, थोडं तिकडं. जोर नका लावू, केसाइतकं हललं तरी लय झालं."

मी शाळेत शिकवते, स्वभावाने तापट आहे, मुलं मला वचकून असतात. पण त्या नटाने मला भीक घातली नाही. रोज शाळेतून आल्यावर साडीचा पदर खोचून मी पाना धरायची आणि हात लाल-काळे करून परत यायची.

सासूबाईंना हे पसंत नव्हतं. त्यांना आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण पाना पडल्याचा आवाज आला की मागच्या दारातून हाक यायची. "कायले तरास देतं वं त्या गाडीले? राहू दे ना माय."

आणि शनिवारी तो नट हलला! अगदी जरासा... पण हलला. मी एकटीच शेडमध्ये मोठ्याने ओरडले.

रविवारी सलीमभाई बॅटरी, पेट्रोल आणि नवं ऑइल घेऊन आले. प्लग न लावताच आधी सेल्फ मारला, तशी आतल्या लाल तेलाची पिचकारी थेट त्यांच्या शर्टावर. खाली उतरलेलं तेल जुन्या ऑइलसकट काढलं, ते डांबरासारखं काळं निघालं. नवं भरलं, प्लग बसवले, पुन्हा सेल्फ... दोनदा गुरगुरली, बंद पडली, आणि मग एकदम चालू झाली. उरलंसुरलं लाल तेल जळून तो सगळा धूर झाला होता.

मी टाळ्या वाजवणार, तेवढ्यात घरातून आवाज आला. सासूबाई जेवून आडव्या झाल्या होत्या, झोपेतच उठल्या असाव्यात.

"आला का रे सुधा?"

आम्ही दोघंही जागच्या जागी थिजलो. सलीमभाईंनी मान खाली घातली.

मग त्या भिंतीला धरत दारात आल्या. चेहऱ्यावरून कळलं, एव्हाना त्यांचं त्यांनाच उमगलं होतं. सलीमभाई किल्लीकडे हात नेऊ लागले तशा म्हणाल्या, "बंद नोको करू, बापू. आयकू दे मले."

मी हात धरून त्यांना गाडीपाशी आणलं. थरथरत्या बोनेटवर त्यांनी तळवा ठेवला आणि हुंदका फुटला... मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

खरं सांगते, तोवर आम्ही सासू-सुना एकमेकींसमोर कधी रडलोच नव्हतो. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, सासूबाई पहाटे अंगणात. तिला त्रास नको म्हणून ही आणि हिला त्रास नको म्हणून ती... आणि घरात त्याचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं.

गाडी राहिली. सलीमभाई, तुम्ही त्या दिवशी पाठ फिरवून बराच वेळ उगाचच पाने पुसत उभे राहिलात, त्याबद्दल तुमचे आभार.

काल जेवताना सासूबाई आपणहून सुधाकरच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होत्या आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो. गेलेल्या माणसासाठी रडायलाही सोबत लागते... आणि माझी सोबत इतके दिवस भिंतीपलीकडच्याच खोलीत होती.