सोपानकाकांच्या चौकश्या

सोपानकाका संगणकाशी मोठ्यानं बोलत. चाकणच्या कारखान्यात प्रशिक्षण विभागात मी रुजू झाले, त्या सकाळी ते चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला विचारत होते, "आरं, पर ही चौकशी केली कुनी?" खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी दारातच थांबले. मला पाहून ते जराही ओशाळले नाहीत. "या ताई, बसा. तुमी नव्या ना? ह्ये बघा, आपल्या आधीची लोकं काय काय ठिवून गेल्यात."

बावीस वर्षं त्यांनी पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काढली होती. पाठ कामातून गेली तेव्हा कंपनीनं त्यांना आमच्याकडे धाडलं. पन्नाशीत माऊस धरायला शिकले. आमचं काम कामगारांसाठी सुरक्षेचे धडे बनवण्याचं. चित्रं, आवाज, व्हिडिओ एकत्र जुळवायला एक प्रोग्राम होता आणि तो कामगारांच्या नोंदींना जोडलेला होता. 'पेंट शॉपमध्ये कुणाचं प्रशिक्षण बाकी आहे?' असा प्रश्न एकदा लिहून साठवला की धडा उघडताना नावं आपोआप पडद्यावर यायची आणि संगणकाचा आवाज ती वाचून दाखवायचा. असल्या साठवलेल्या प्रश्नाला आम्ही क्वेरी म्हणायचो, काका चौकशी म्हणायचे.

इथं काम करून गेलेल्या प्रत्येकानं आपापल्या क्वेऱ्या साठवल्या होत्या, काढल्या कुणीच नव्हत्या; चारशेच्या वर झाल्या होत्या. 'बाकी', 'बाकी नवीन', 'बाकी नवीन फायनल', 'टेस्ट', 'टेस्ट दोन', 'ही वापरू नये'. यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखायचं. सांगवीहून दीड तास बसमध्ये हेलकावे खाऊन आल्यावर ती यादी उघडली की मला परत घरी जावंसं वाटायचं.

तशाच एका अंग आंबलेल्या सकाळी माझ्याकडून चूक झाली. नव्यानं लागलेल्या बायकांचा वर्ग होता. मी 'बाकी नवीन फायनल' निवडायच्या ऐवजी 'बाकी नवीन' निवडली. ती कुणीतरी नोंदींच्या जुन्या प्रतीवरून केलेली होती. आवाज एकेक नाव घेऊ लागला, आणि एका नावाला तिसऱ्या रांगेतली बाई अर्धवट उठून उभी राहिली. सुनंदा तिचं नाव. आदल्या वर्षी तिचा नवरा आजारानं गेला होता आणि त्याच्या जागेवर ती लागली होती. आवाजानं त्याचंच नाव घेतलं होतं. "प्रशिक्षण अपूर्ण. कृपया हजर राहावे."

"त्ये न्हाईत आता," ती पडद्याकडे बघून म्हणाली.

काकांनी उठून पडदा बंद केला. तिला पाणी दिलं, आणि तो सगळा धडा स्वतः उभं राहून, एक हात कमरेवर ठेवून तोंडी शिकवला. मला ते रागावले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मीच रडायला लागले तेव्हा म्हणाले, "तुमची चूक ल्हान हाय ताई. ज्यानं करून ठिवली अन् इसरून गेला, त्याची मोठी. आता काढू सगळ्या."

काढणं सोपं नव्हतं. कुठली क्वेरी कुठल्या धड्याला लागते याची नोंद नव्हती. चुकीची काढली की तो धडा कोरा उघडायचा. म्हणून काका प्रत्येक क्वेरी चालवून बघायचे, मग तिचा मालक शोधत कारखान्याच्या त्या त्या विभागात चालत जायचे. सोडून गेलेल्यांना फोन लावायचे. "भाऊ, तुमची एक चौकशी हितं ऱ्हायलीया. लागती का काढू?" कुणी हसायचं, कुणाला आठवायचंच नाही. आमचे साहेब एकदा वैतागले, "काका, किती दिवस हे? सगळं एकदम उडवा ना."

"उडवायला काय साहेब, आत्ता उडवतो," काका म्हणाले. "पर उद्या वेल्डिंगचा धडा कोरा उघडला आन् गडी न शिकताच मशिनीवर गेला, तर त्याच्या घरी कोन जाणार, तुमी का मी?"

साहेब घड्याळ बघत निघून गेले. पण मदतीला माणूसही दिला नाही. चार महिने आम्ही दोघंच ते काम करत होतो. दिवसाला दहा क्वेऱ्या काढाव्यात तर कुणीतरी सहा नव्या साठवलेल्या असायच्या. संध्याकाळी काका खुर्चीतून उठताना टेबलाला धरून क्षणभर तसेच वाकून राहायचे. मी तिकडे न बघितल्यासारखं करायची.

ती 'बाकी नवीन' मात्र त्यांनी काढली नव्हती. मी विचारलं, तर म्हणाले, "तिचा मालक सापडला न्हाई. पर इचारायचं मानूस हाय." एके दुपारी त्यांनी सुनंदाला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, समजावून सांगितलं. "ही काढली की तुमच्या मालकांचं नाव या प्रोग्राममदनं जाईल. वर्गात परत कदी यायचं न्हाई. काढू का?"

तिनं हातमोजे मुठीत चुरगाळले. मग म्हणाली, "आदी एकदा वाजवा."

काकांनी क्वेरी चालवली. चार-पाच नावांनंतर ते नाव आलं, सपाट, यंत्राच्या आवाजात, आडनाव, नाव, वडिलांचं नाव. "घरी असं पुरतं नाव कोन घेत न्हाई आता," सुनंदा म्हणाली. "सासूबाई बी घेत न्हाईत."

"आनिक लावू?"

"नगं. काढा."

'हे परत आणता येणार नाही,' अशी सूचना पडद्यावर आली. काकांनी बटण दाबलं. यादी एका ओळीनं वर सरकली. ती उठली, पदर नीट केला आणि कामाच्या लाईनवर गेली. काका त्यानंतर तासभर काहीच करू शकले नाहीत.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला बोला म्हटलं तर "पाठ दुखतीया" एवढंच म्हणून खाली बसले. मला त्यांचा फोन एकदाच आला, गावाकडून; संध्याकाळ झाली होती आणि मी अजून यादीसमोरच बसले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "यादी केवढी झाली?"

"पुन्हा चारशेच्या वर गेलीय, काका."

 मला वाटलं, आता काहीतरी युक्ती सांगतील.

"असू द्या," ते म्हणाले. "उद्या बी असतीलच त्या. तुमी घरी जावा ताई."