नवनाथच्या दारातला डबा

नवनाथबद्दल चांगलं बोलायचं तर मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं. तरी सांगतो, कारण सातपूरच्या आमच्या गल्लीत त्याच्याबद्दल वाईट बोलणारा मी एकटाच आहे, आणि एकट्याचं कोण ऐकतं?

तो मूळचा सुरगाण्याकडचा. घाटात जीप चालवायचा. जीप वाटेत बंद पडली की स्वतःच खोलायची, तेवढीच त्याची शाळा. एकदा तीच जीप घेऊन आमच्या गॅरेजात आला, माझ्या वडिलांचं, पुंजाअण्णांचं, काम बघत बसला आणि तो राहिलाच. अण्णांनी आम्हा दोघांना बरोबरच शिकवलं. फरक एवढाच की शिव्या माझ्या वाट्याला आल्या आणि कौतुक त्याच्या. पुढे त्याने रस्त्यापलीकडे स्वतःचं गॅरेज टाकलं. पत्र्याची शेड, नावाची पाटीसुद्धा नाही. दुपारी त्याची बायको, अंजली, जेवण घेऊन येते आणि तिथेच पाने-पकडी पुसत बसते.

माझ्याकडे पाटी आहे, फरशी आहे, गाडी उचलायची लिफ्ट आहे. अण्णांसाठी गादीची खुर्ची आहे, तिच्यावर पंखा आहे. मी त्यांना सांगितलं होतं, "अण्णा, जन्मभर हात काळे केलेत. आता नुसतं बसायचं." अण्णा रोज सकाळी घरून निघतात, माझ्या दारावरून पुढे जातात आणि नवनाथच्या दारात ऑइलचा एक डबा पालथा घातलेला असतो, त्याच्यावर जाऊन बसतात. दिवसभर. गल्लीतले लोक मला विचारतात, "अण्णा तिकडं का रे बसतात?" काय सांगू त्यांना? जळतो मी. सरळ सांगतो, जळून खाक होतो.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे. दुरुस्त झालेल्या गाडीची पहिली चक्कर उस्तादाने मारायची. अण्णा परत येऊन काही बोलले नाहीत म्हणजे काम पास. नवनाथच्या गाड्यांची पहिली चक्कर अजूनही अण्णाच मारतात. माझ्या गाड्यांची मी आपली स्वतःच मारतो.

यंदा दसऱ्यानंतर गिरणाऱ्याकडच्या एका द्राक्षबागेतून वेदिका मॅडम टेम्पोत एक एटीव्ही घालून माझ्याकडे आल्या. पाहुण्यांना बागेतून फिरवायची ती चार जाड चाकांची, हँडलची गाडी. जुनी होती, रंग उडालेला. चढाला रेस दिली की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. क्लच स्लिप मारत होता. असली गाडी आमच्या गल्लीत कधी आलेली नव्हती. मी मनाशी म्हटलं, ही अशी करतो की अण्णा डब्यावरून उठून येतील आणि चक्कर मागतील.

चांगल्यातल्या चांगल्या क्लच प्लेटा आणल्या, नीट बसवल्या. मॅडमनी बरोबर ऑइलचा कॅन आणला होता. "आमच्या मालकांनी, सरांनी खास दिलंय, हेच घाला," म्हणाल्या. घातलं. मग गल्लीच्या चढाला गाडी घेतली, आणि ती नेमकी नवनाथच्या शेडसमोर बोंबलत उभी राहिली. अण्णांनी बघितलं. बोलले काही नाहीत, पण ते न बोलणं पासवालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडी पलीकडे गेली. मीही गेलो, बेअरिंग ओढून काढायचा पुलर मागायला. माझा पुलर माझ्या भिंतीवर लटकत होता.

नवनाथने पान्याला हात लावला नाही. आधी मॅडमना चहा दिला.

"कधीपासून अशी करती ही?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याला काय काय केलं गाडीला?"

"काय म्हणजे? पूजा. सगळ्या गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या, ऑइल बदललं. सर म्हणाले, सणाला भेदभाव नको, माझ्या नव्या कारला घालतो तेच भारी ऑइल सगळ्यांना घाला."

नवनाथने माझ्याकडे बघितलं. मी पत्र्याकडे बघितलं. कारचा क्लच कोरडा असतो. या गाडीचा इंजिनच्या ऑइलातच बुडालेला असतो, आणि कारच्या त्या गुळगुळीत ऑइलात प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत. हे मला माहीत होतं. मी फक्त विचारलं नव्हतं.

त्याने क्लच खोलला. माझ्याच प्लेटा धुतल्या. लोखंडी प्लेटा अण्णांच्या हातात दिल्या, आणि अण्णा डब्यावर बसून त्या पॉलिश पेपरवर घासायला लागले. मनगटापर्यंत काळे झाले होते आणि गुणगुणत होते. घरी कधी गुणगुणत नाहीत.

बुडालेल्या क्लचला चालणारं बाईकचं ऑइल भरून झाल्यावर नवनाथ म्हणाला, "अण्णा, पहिली चक्कर."

अण्णांनी गुडघा चोळला आणि माझ्याकडे बोट केलं. "हिच्यावर टांग पडत नाय आता. हर्षलला दे. प्लेटा त्यानंच बसवल्या व्हत्या, बरोबर बसवल्या व्हत्या."

किती वर्षं या शब्दांची वाट बघत होतो मी! गाडी चढाला घातली. कुरकुर न करता सरसर वर गेली. वळवून खाली आणली, डब्याकडे बघितलं, तर अण्णांनी मान खाली घालून कुठल्याशा बाईकचा कार्बोरेटर हातात घेतलेला.

"अण्णा, चला जेवायला."

"तू हो पुढं. ह्ये उघडं पडलंय."

नवनाथने न मागता त्यांच्या हातात ब्रश दिला. चक्कर मला मिळाली, अण्णा त्याच्याकडेच राहिले. तो डबा लाथेने गटारात घालावा असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या आधी घरातून निघालो. माझ्या स्वतःच्या, चांगल्या चालत्या बाईकचा कार्बोरेटर काढला. गादीच्या खुर्चीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर सगळे भाग मांडून ठेवले.

अण्णा दारावरून जाताना थांबले. खुर्चीकडे बघितलं, मग बाईककडे.

"काल तर पळत व्हती की ही."

"जोर कमी वाटला, अण्णा."

माझं खोटं त्यांना लहानपणापासून कळतं. त्यांनी पेट्रोलच्या बारीक भोकाचा जेट उचलला आणि उजेडाकडे धरला. रस्त्यापलीकडे नवनाथ चहाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. बघ म्हटलं, आता जरा तू बघ.

"खुर्चीवर बसून काम व्हत नाय," अण्णा म्हणाले. "एखादा डबा हाय का?"

माझ्याकडे रिकामा डबा नव्हता. मी रस्ता ओलांडला आणि नवनाथकडून त्याच्या दारातला मागून आणला.