वावेसाठी अठरा फूट

जगात कोणतीही जुनी गोष्ट पाडायची असेल तर आधी माझ्या थोरल्या साडूंना विचारलं पाहिजे, असा कायदा अजून कोणत्याही सरकारने केलेला नाही. पण तो झालेलाच आहे अशा समजुतीत ते आयुष्यभर वागले. सुरतेत मी बँकेत होतो आणि ते एका सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि घरं एकाच सोसायटीत वरखाली, त्यामुळे त्यांच्या या समजुतीचा त्रास सगळ्यांत आधी मला व्हायचा. रस्त्याने चालताना एखादी जुनी भिंत दिसली की ते थांबायचे, तिच्यावर तळहात टेकवायचे आणि आजाऱ्याचा ताप बघावा तसे गंभीर व्हायचे. मग घरमालकाला हाक मारून विचारायचे, "हिचं वय काय असेल?" घरमालक बिचारा आपल्या घरातल्या कुठल्या बाईबद्दल विचारतायत म्हणून दचकायचा.

नव्वदच्या दशकात त्या शहरात रस्ते रुंद करायचं काम जोरात चाललं होतं. हातात टेप घेतलेला माणूस दिसला की लोकांना आपलं घर कापलं जाणार अशी धास्ती वाटायची, आणि आमच्या साडूंच्या खिशात टेप कायम असायची. जुन्या गावभागात एका लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. जेवणाच्या पंगतीतून हे मध्येच उठले, कारण समोरच्या घराच्या सज्ज्याखाली लाकडी मोर कोरलेला त्यांना दिसला. शिडी मागवून त्यांनी मोराची मापं घ्यायला सुरुवात केली. पाचच मिनिटांत त्या घराचे मालक हात जोडून खाली आले, यांना मानाने आत घेऊन गेले, श्रीखंडाच्या दोन वाट्या पुढे ठेवल्या आणि हळूच म्हणाले, "साहेब, किती कापणार?" साडूंनी त्यांना मोर किती सुंदर आहे यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. श्रीखंड मात्र त्यांनी संपवलं. आलेल्या माणसाचा मान राखायला हवा, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे आपणच होतो हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसरा नाद अर्जांचा. कुठे काही जुनं पडायला आलेलं दिसलं की ते अर्ज करायचे, तोही गुजरातीतून, कारण राज्याची भाषा ती. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, पण लहानपणापासून ती ओढायचा हात तो, गुजरातीतही थांबेना. त्यांचे अर्ज वाचणारा एक कारकून त्यांना म्हणाला होता, "साहेब, तुम्ही आमच्या भाषेला टोपी घातलीत." साडूंना ही स्तुती वाटली. ते घरी आल्यावर आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तीन वेळा ऐकवून झालं.

एवढं असून नव्याचा त्यांना मुळीच राग नव्हता. दर रविवारी सकाळी ते सुरतेतल्याच नवागामला जायचे. तिथे खानदेशातल्या त्यांच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं लूमवर काम करायची. "कथा चालना भाऊ?", कुठे चाललास, अशी अहिराणीत हाक ठोकत ते गल्लीत शिरायचे, कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या मुलीचा शाळेचा दाखला असं सगळं लिहून द्यायचे. "कारखाने उभे राहिलेच पाहिजेत," ते मला म्हणायचे, "नाहीतर आपल्या खानदेशची माणसं इथे खाणार काय? फक्त उभे राहताना खाली काय आहे ते बघा, एवढंच माझं म्हणणं." हे वाक्य ते मला नकाशावर बोट ठेवून सांगायचे, आणि मी मान डोलवायचो. त्याचा अर्थ मला कळला तो सुरतेबाहेर, पलसाण्याच्या पुढच्या एका खेड्यात.

तिथे जायचं काहीच कारण नव्हतं. माझी स्कूटर पंक्चर झाली. जोडून मिळेपर्यंत हे हमरस्ता सोडून आत भटकले आणि अर्ध्या तासाने गोखरूचे काटे पँटला चिकटवून परत आले. चेहरा असा की जणू मुलगी दहावीत पहिली आली. मला ओढतच त्यांनी बाभळीच्या जाळीत नेलं. खाली पायऱ्या उतरत गेल्या होत्या. आपण जिला बारव म्हणतो, ती पायऱ्यांची विहीर. गुजरातीत तिला वाव म्हणतात. गावाने तिच्यात केरकचरा टाकला होता, पण दोन खांब ताठ उभे होते आणि तळाशी हिरवं, शांत पाणी होतं. एकेचाळीस पायऱ्या त्यांनी मोजल्या, मग मला मोजायला लावल्या.

सरपंचांना भेटलो तेव्हा समजलं की ती वाव महिनाभरात मुरूम टाकून बुजवायची होती. शेजारीच कापड रंगवायचा नवा कारखाना येत होता आणि त्याच्या ट्रकांचा रस्ता बरोबर तिच्यावरून जात होता. सरपंच भला माणूस होता. त्याने चहा पाजला आणि सरळ विचारलं, "साहेब, माझ्या गावातल्या चाळीस पोरांना काम मिळणार आहे. तुमची वाव त्यांना पगार देणार का?" साडूंनी व्याख्यान न देता उरलेला चहा संपवला आणि निरोप घेतला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. परत येताना वाटेत कडोदऱ्याजवळ स्कूटरवर माझ्या मागून ते एकदम म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. म्हणून रस्ता अडवायचा नाही. वळवायचा."

मग कचेऱ्या सुरू झाल्या. जुन्या वास्तूंच्या खात्याने विचारलं, शिलालेख आहे का? नव्हता. मग ही वास्तू नाही, विहीर आहे, पाण्याच्या खात्याकडे जा. पाण्याचं खातं म्हणालं, पायऱ्यांच्या विहिरीने नारू होतो म्हणून अशा विहिरी आम्ही स्वतःच बंद करतो. तुमची जर जुनी असेल तर ती वास्तू आहे, तिकडे जा. उद्योगाच्या खात्यातल्या साहेबांनी फार आपुलकीने ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांच्या फॉर्ममध्ये कारखाना, रस्ता, वीज आणि सांडपाणी एवढेच रकाने आहेत. कुणीही वाईट नव्हतं. प्रत्येकाने खुर्ची दिली. पण सरकारच्या कुठल्याही नियमात वावेला वाव नव्हता.

शेवटी त्यांनी स्वतःच नकाशा काढला. रस्ता अठरा फूट पूर्वेला सरकवला की वाव सुटत होती, ट्रक जात होते, कारखाना जागच्या जागी. कारखान्याचा इंजिनिअर तरुण होता. त्याने नकाशा बघितला आणि म्हणाला, "मला चालेल. पण ही अठरा फुटांची पट्टी बांची आहे. त्या एक वीतसुद्धा देत नाहीत."

बा म्हणजे गावातली एक विधवा बाई, सत्तरीची. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. साडूंनी नकाशा पसरला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. शेंगा सोलतच ती म्हणाली, "तमे तो मराठी. तमने आमां शुं?" तुम्ही मराठी माणूस, तुमचं यात काय?

मला वाटलं, आता व्याख्यान. पण साडू ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि आपल्या टोपी घातलेल्या गुजरातीत सावकाश बोलायला लागले. ते जे बोलले ते मी कधीच ऐकलं नव्हतं. आक्कांनीही नाही. नोकरी लागली तेव्हा दोन्ही राज्यं अजून एकच होती आणि ते बावीस वर्षांचे होते. पहिलंच काम त्यांच्याच तालुक्यात, पाटाच्या एका फाट्याचा नकाशा काढायचं. त्यांनी कागदावर सरळ रेघ मारली. सरळ रेघ बघून वरिष्ठ खूश झाले. ती रेघ त्यांच्या आजोळच्या बारवेवरून गेली. "वाकवता आली असती," ते म्हणाले. "मला माहीत होतं तिथे बारव आहे. लहानपणी मी तिच्यात पोहायला शिकलो. पण पहिलं काम, रेघ वाकडी कशी काढायची, म्हणून सरळ काढली. पाट आला, शेतं भिजली, लोक सुखी झाले. आजोळी मी परत गेलो नाही. मामा बोलले असते असं नाही. ते काहीच बोलले नसते."

बा शेंगा सोलायची थांबली होती. टोपली बाजूला सारून तिने विचारलं, "अठरा फूट म्हणजे कुठपर्यंत?" साडू उठले. म्हातारीबरोबर शेताच्या कडेने चालत त्यांनी दाखवलं. जिथे पट्टी संपत होती तिथे बाने एक दगड ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाली, "लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला आधी वावेला पाया पडायला नेलं होतं. नंतर घरात घेतलं." एवढंच. सरपंचाने दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत ठराव केला. कारखान्याने पट्टीचा मोबदला दिला आणि गावातल्या पोरांनी बाभळी तोडून वाव मोकळी केली. रस्ता आजही तिथे वळतो. ट्रकवाले त्या वळणाला शिव्या देतात.

संरक्षित म्हणून वावेची नोंद मात्र कुठेही झाली नाही. साडूंनी निवृत्त होईपर्यंत पाठपुरावा केला. मग साखरेने त्यांचे डोळे गेले. मुलीने त्यांना नाशिकला नेलं. जायच्या आधी आम्ही दोघं बाला भेटून आलो; डोळ्यांचं त्यांनी तिला कळू दिलं नाही. तिने त्यांच्या हातावर गूळ ठेवला आणि म्हणाली, "आवजो." पुन्हा या. त्यांनी "येतो" म्हटलं.

त्यानंतर मी एकटाच वर्षातून एकदा तिकडे जातो. बा आता फारशी उठत नाही, पण मला ओळखते आणि पहिला प्रश्न तोच विचारते, साहेब कधी येणार? पहिल्या वर्षी, त्यांना आता दिसत नाही आणि ते येणार नाहीत, हे मला सांगवेना, म्हणून मी "दिवाळीला" म्हणालो. तेव्हापासून तेच सांगतो. तिची सून मला परवा म्हणाली की दर दिवाळीच्या आधी बा घरातल्या सगळ्यांना कामाला लावते आणि वावेच्या पायऱ्या तळापर्यंत झाडून घेते, साहेब आले तर घाण दिसायला नको म्हणून.

हे मी नाशिकला फोन करून साडूंना सांगितलं.  ते म्हणाले, "तिला खरं काही सांगू नका," आणि फोन आक्कांच्या हातात दिला.